दीक्षा गवसच्या बी.ए.चं कर्ज

बँकेत शैक्षणिक कर्जाचं टेबल सहसा कुणाला नको असतं. सोनं तारण ठेवून कर्ज दिलं तर सोनं आपल्या तिजोरीत असतं. गाडीच्या कर्जाचे हप्ते थांबले तर गाडी ओढून आणता येते. शिक्षण ओढून आणता येत नाही. अठरा वर्षांच्या पोराला पैसे द्यायचे आणि काही वर्षांनी ते कमवायला लागेल असं धरून चालायचं. मधे ते नापास होईल, आजारी पडेल, मन बदलेल. बँकेच्या हातात काय उरतं, तर सहकर्जदार म्हणून घेतलेली आईबापाची सही.

आधी पेडणे आणि मग डिचोली, अशा गोव्यातल्या दोन शाखांत मिळून मी निम्म्याहून जास्त नोकरी याच टेबलावर काढली. निवृत्त होऊन आता थोडे दिवस झाले. लोक विचारतात, कंटाळा नाही आला? खरं सांगायचं तर नाही आला. त्या टेबलासमोर माणसं जेवढ्या आशेनं येऊन बसतात तेवढ्या आशेनं बँकेत दुसरीकडे कुठेच बसत नाहीत. आणि गमतीही होतात. पेडण्याला नारळाचे एक व्यापारी मुलाच्या इंजिनियरिंगसाठी कर्ज मागायला आले. मी विचारलं, "कुठल्या शाखेला घालणार?" ते म्हणाले, "ह्याच, पेडण्याच्या शाखेक. डिचोली लांब पडता." मला हसू आवरेना, आणि मी का हसते ते त्यांना कळेना. त्यांचा मुलगा पुढे मेकॅनिकल शाखेला गेला आणि कर्ज मात्र पेडण्याच्याच शाखेतून फिटलं.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायची आमची रीत सोपी आहे. शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. मग मूळ रक्कम आणि चढलेलं व्याज मिळून हप्ता बसतो. तो हप्ता मुलाच्या पहिल्या पगाराच्या निम्म्याच्या आत राहिला पाहिजे. पहिला पगार किती असेल हे अर्थातच कुणाला ठाऊक नसतं. त्यामुळे कर्ज मागणारे कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा सांगतात, आणि आम्हीही तो मान डोलवून लिहून घेतो. नर्सिंग, इंजिनियरिंग, फार्मसी असेल तर चालून जातं. बी.ए.साठी कर्ज मागायला कोणी येतच नसे. बी.ए. म्हणजे म्हापशाच्या किंवा साखळीच्या कॉलेजात बसनं जायचं आणि फी घरातूनच भरायची, हे ठरलेलं.

म्हणून दीक्षा गवस आली तो दिवस मला आठवतो.

मुळगावची मुलगी. वडील प्रकाश गवस मूळचे दोडामार्गाकडचे. खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायला आले, स्वतःचा टिपर घेतला आणि मुळगावातच घर बांधून राहिले. आई ट्रकवाल्यांना जेवणाचे डबे करून द्यायची. खाणी बंद पडल्या आणि टिपर दारात उभा राहिला. त्याचं कर्ज कसंबसं मिटवून गवसांनी तो मिळेल त्या भावाला विकला आणि एका शाळेची मिनीबस चालवायला लागले. अशा घरातली पोरगी बारावीला चांगले गुण मिळवून पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स शिकायचं म्हणत होती. इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. चार वर्षं. वसतिगृहासकट खर्च नऊ लाखांच्या घरात.

गवस खुर्चीच्या कडेवर बसले होते. मुलीचं बोलून संपल्यावर मला म्हणाले, "मॅडम, माका एक सांगा. डाक्टर शिकलो तो डाक्टर. नर्स शिकली ती नर्स. ह्या शिकान ही कोण होतली? कोणी इचारल्यान तर मी काय सांगू?"

मी दीक्षाकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, नावावरून नाही कळत. पण काम मिळतं. मी विचारलंय."

"कुणाला विचारलंस?" मी म्हटलं.

तिथून आधी शिकून गेलेल्या तिघांचे नंबर तिनं मिळवले होते आणि त्यांना फोन केले होते. एक मुंबईत जाहिरात कंपनीत होता, एक दिल्लीत कुठल्याशा संस्थेत, तिसरी पुण्यातच शाळेत शिकवत होती. तिघांना तिनं सरळ पगार विचारला होता. आपल्याकडे नात्यातल्या माणसालाही कोणी पगार विचारत नाही! पण तिघांनीही सांगितला. तिसरीचा सगळ्यात कमी होता, बावीस हजार. पहिला पगार म्हणून दीक्षानं तोच आकडा सांगितला.

"जाहिरातवाल्याचा दुप्पट आहे. तो का नाही सांगितलास?"

"तो मला मिळेलच असं नाही. बावीस मिळाले तरी हप्ता भरता येतो का, ते मला आधी बघायचंय."

त्या टेबलावर एवढ्या वर्षांत आपल्याच पगाराचा आकडा कमी करून सांगणारी ती पहिली. मी हिशोब करून दाखवला. नऊ लाख घेतले तर हप्ता वीस हजारांच्या आसपास जात होता. बावीसातले वीस. गवस उठायलाच निघाले. दीक्षाचं तोंड उतरलं, पण ती उठली नाही. म्हणाली, "मग किती घेतलं तर बसेल?"

मी आकडे उलटे मांडले. चार लाख. शिवाय चार लाखांपर्यंत बाहेरचा जामीनदार लागत नसे, आणि बी.ए.ला जामीन राहणारा माणूस मुळगावात काय, अख्ख्या तालुक्यात मिळाला नसता.

"चार लाखांत कसं करायचं ते तू बघ," मी म्हटलं. "आणि एक विचार. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का? चौथं वर्ष पुढे कधी स्वतःच्या पैशानं करता येईल."

ती गेली, आणि ही काही परत येत नाही असं मला वाटलं. आठवड्याभरानं आली. तीन वर्षांनी बाहेर पडता येत होतं. फीमध्ये सवलत मागायला तिनं विद्यापीठाला लिहिलं होतं, आणि त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं. महिन्यानं पुन्हा आली तेव्हा अर्धी फी माफ झाली होती. उरलेलं थोडं गवस टिपरच्या पैशातून घालणार होते.

आमचे त्या वेळचे मॅनेजर भला माणूस, पण बी.ए. म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, उद्या हे खातं थकलं तर वरच्या ऑफिसला काय सांगायचं? इतिहासासाठी कर्ज दिलं म्हणून?"

मी म्हटलं, "साहेब, मागच्या महिन्यात आपण एका इंजिनियरिंगच्या मुलाला याच्या दुप्पट दिलं. त्यानं पगार सांगितला तो माहितीपत्रकातला. हिनं सांगितलाय तो माणसांना विचारून. आपला नियम पगार आणि हप्त्याचा आहे. तो हिच्या बाबतीत बसतो."

त्यांनी दोन दिवस कागद ठेवून घेतले आणि सही केली. नंतर मला म्हणाले, "नियमात बसतं हे खरंच. पण त्या मुलीवर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायची वेळ चार वर्षं उलटल्यावर आली.

दीक्षा चांगली पास झाली. पुण्यात एका छोट्या प्रकाशन संस्थेत लागली, पण पगार बावीस हजार नव्हता, सोळा होता. खोलीचं भाडं आणि जेवण यातच तो बहुतेक संपायचा. वर्षभराची सवड संपून हप्ते सुरू झाले तेव्हा तिनं साठवलेल्यातून पहिले काही भरले, मग ती नोकरी सोडून घरी आली. पणजीच्या एका छोट्या संस्थेत गावोगाव फिरून पाहणी करायचं काम तिला मिळालं, पंधरा हजारांवर. निदान भाडं वाचत होतं. पण नोकरी बदलताना मधे महिना-दीड महिना गेला आणि दोन हप्ते चुकले. तीन महिने हप्ता आला नाही की खातं थकीत धरतात. एकदा तो शिक्का बसला की कर्ज घेणाऱ्याचं आणि सहकर्जदाराचं, दोघांचंही नाव खराब होतं. आमचं आठवणीचं पत्र मुळगावला गेलं.

मार्चचा महिना होता. गवस शाखेत आले ते हसत. असे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, एकदम सगळे भरूक किती व्हये ता सांगा. ह्या आठवड्यात भरून टाकतंय."

मी आकडा काढून दिला आणि सहज विचारलं, "कुठून जमवले एवढे?"

मग त्यांनी सांगितलं. दोडामार्गाकडचं स्थळ आलं होतं. मुलाचं हार्डवेअरचं मोठं दुकान. मुलगी त्यांना पसंत होती आणि कर्जाचं त्यांना ठाऊक होतं. सगळं कर्ज ते फेडणार होते. फक्त लग्नानंतर नोकरी नाही, मुलीनं दुकानाचा गल्ला सांभाळायचा.

"दीक्षाला विचारलंत?"

"आज इचारतलंय," गवस म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅनेजरना मी सांगितलं की मुळगावला जाऊन येते. थकायला आलेल्या खात्याच्या घरी जाणं हे आमचं कामच होतं. ते म्हणाले, "पैसे येतायत ना सगळे? मार्चमध्ये आणखी काय पाहिजे तुम्हाला?" बँकेच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. पूर्ण रक्कम एकदम येतेय म्हटल्यावर टेबलावरच्या माणसानं मधे बोलू नये. पण कर्ज घेतलं होतं दीक्षानं, आणि दुसरा मार्ग असताना तो कर्जदाराला न सांगणं हेही मला बरोबर वाटेना. मी म्हटलं, "साहेब, दोन्ही वाटा तिला सांगते. तिनं पैसे भरायची वाट घेतली तर उद्याच येतील." मी स्कूटर काढली.

घरी पोचले तर बापलेकीचं भांडण चालू होतं. आईनं सोप्यावर खुर्ची आणून ठेवली, चहा आणि उंडे पाव आणले. मग गवसच म्हणाले, "मॅडमच सांगू देत. दोन हप्ते चुकले. बँकेचा पत्र इला. पोस्टमनान वाटेवर धा जणांका सांगितल्यान. पुढे काय?"

दीक्षा म्हणाली, "बाबा, कर्ज माझं आहे. ते फेडायला माणूस शोधलात, तो मला न विचारता."

"फेडूक जमना नाय म्हणान शोधलंय! पंधरा हजारात धा हजार भरतलंस, मगे खातलंस काय?"

"जमत नाही ते मी बघेन."

"कसा बघतलंस?"

दीक्षा खांबाला टेकून उभी राहिली. मला तिचे डोळे भरलेले दिसले, पण तिनं ते पुसले नाहीत.

तेव्हा तिची आई दारातून पुढे आली. डबे बंद झाल्यापासून ती काजूच्या फॅक्टरीत जायची. बोटांची टोकं काळी झालेली. तिनं मला विचारलं, "मॅडम, ह्यो हप्तो कमी जाता काय?"

एवढंच विचारलं तिनं. तेच सांगायला मी स्कूटर मारत आले होते.

"होतो," मी म्हटलं. मुदत आता पंधरा वर्षांपर्यंत वाढवता येत होती. तसा नियम थोड्याच दिवसांपूर्वी आला होता. हप्ता साडेसहा हजारांच्या आत आला असता. चुकलेले दोन भरावे लागणार होते, पण तेवढे दीक्षाकडे नुकतेच जमले होते.

"पंधरा वर्सां!" गवसांनी कपाळाला हात लावला. "आणि व्याज?"

"व्याज जास्त जाईल. बरंच जास्त. ते मी लपवत नाही. पैशाचाच हिशोब केला तर आज सगळं भरून टाकणं फायद्याचं आहे."

"आयकलंस?" गवस मुलीला म्हणाले.

दीक्षा खांब सोडून पुढे आली. "ऐकलं. जास्त जाईल ते माझ्या पगारातून जाईल ना? तुमच्याकडे एक रुपया मागितला तर तेव्हा मला बोला. दुकानाच्या गल्ल्यावर बसायला मी पुण्याला गेले नव्हते, बाबा. आणि तुम्हीच तर मला पाठवलंत."

गवस अंगणात बघत राहिले. पूर्वी तिथे टिपर उभा असायचा. मग बायकोला म्हणाले, "दोडामार्गाक फोन करून सांगूचा पडतला."

"मी सांगतंय," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दीक्षा शाखेत येऊन सह्या करून गेली. मॅनेजरनी कागद बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. मार्चला आमच्या शाखेची ती एक मोठी वसुली हुकली. त्यावरून पुढच्या मीटिंगमध्ये त्यांना बोलणी बसली असणार. मला त्यांनी कधी तसं सांगितलं नाही.

आता तिच्या त्या पंधरा हजारांच्या नोकरीबद्दल सांगते, कारण बी.ए. करून माणूस काय करतो हे मला स्वतःला तिथे समजलं. खाणी बंद झाल्यावर गावांतल्या घरांचं काय झालं याची पाहणी त्यांची संस्था करत होती. शिरगाव, मुळगाव, सर्वण, दारोदार जायचं आणि छापील प्रश्न विचारायचे. त्यात एक प्रश्न असा: कुटुंबप्रमुखाचा धंदा कोणता आणि तो बुडाला का? लोक सांगायचे, ट्रक होता, गेला. झालं. दीक्षाला हे पटेना. तिच्याच घरात दोन धंदे बुडाले होते, एक बापाचा आणि एक आईच्या डब्यांचा. दुसऱ्याबद्दल कुणी विचारतच नव्हतं. तिनं आपल्या वरिष्ठांना सांगून आणखी एक प्रश्न घालून घेतला: घरातल्या बाईचं खाणीवर अवलंबून काय होतं? आणि घराघरांतून निघायला लागलं. कुणाची चहाची टपरी, कुणाची खानावळ, कोण ड्रायव्हरांचे कपडे धुऊन द्यायची, कोण क्लीनर पोरांना खोली भाड्यानं द्यायची. हे बुडालेलं उत्पन्न त्याआधी कुणीच मोजलं नव्हतं. दीक्षानं ते इंग्रजीत नीट लिहून काढलं. त्या अहवालातला तिचा भाग वाचून पणजीच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावून घेतलं. पगार एकदम चाळीस हजारांच्या पुढे गेला. पुढे आणखी वाढला.

तिनं हे मला बँकेत उभ्या उभ्या सांगितलं, हप्ता भरायला आली होती तेव्हा. मोबाइलवरून भरता येत असूनही पहिली काही वर्षं ती शाखेत येऊनच भरायची. मी विचारलं, "हा प्रश्न तुला सुचला कसा?" ती म्हणाली, "तीन वर्षं आम्हाला हेच शिकवलं, मॅडम. समोर लिहिलंय ते वाचायचं आणि मग काय लिहिलेलं नाही ते शोधायचं."

सगळ्यांचं असं झालं नाही. पेडण्याचा एक मुलगा मला ठाऊक आहे. त्यानं दुसऱ्या एका बँकेतून पत्रकारितेच्या पदवीसाठी घर गहाण ठेवून मोठं कर्ज घेतलं होतं. हुशार, बोलका मुलगा. आज तो विमानतळावर टॅक्सी चालवतो आणि हप्ते भरतो. माझ्याकडे सल्ला विचारायला आला तेव्हा मुदत वाढवून सगळं झालेलं होतं आणि मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, शिकलो त्याचं वाईट वाटत नाही, पण एवढं कर्ज काढायला नको होतं. त्याचा चेहरा आठवला की आजही चुटपुट लागते. म्हणून कोणी मला विचारलं की कला शाखेला कर्ज घ्यावं का, तर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. किती घेणार, ते विचारते. आणि पगाराचा आकडा कुणाला विचारून आणलात, ते विचारते.

दीक्षानं पंधरा वर्षं घेतली नाहीत. पगार वाढला तशी ती मधूनमधून जास्तीची रक्कम भरत गेली, आणि माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कर्ज संपलं. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायला कर्जदार एकटा आला तरी चालतो. ती वडिलांना घेऊन आली. गवस आता थकलेत, मिनीबसही सोडलीय. दाखला मी त्यांच्याच हातात दिला, कारण त्यांचंही नाव त्यावर होतं. त्यांनी तो चष्मा लावून वाचला. घडी घातली. पुन्हा उघडून वाचला.

"म्हणजे माझ्या नावार आता काय नाय?"

"काही नाही. दोघांच्याही नाही."

त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, सही केलंय तेव्हा माका वाटला, ह्या माझ्याच गळ्यात पडतला. सगळा मीच फेडतलंय. तशी तयारी केलेलंय. आणि ह्या चेडवान माका एक हप्तो भरूक दिल्यान नाय. एक!"

"बाबा, हळू बोला," दीक्षा म्हणाली.

पण ते हळू बोलले नाहीत. एखाद्यानं मॅनेजरकडे तक्रार करावी तशा आवाजात, रांगेत उभी असलेली माणसं वळून बघेपर्यंत, ते पुन्हा म्हणाले, "एक हप्तो भरूक दिल्यान नाय!"